खड्डा की टेकडी

"शलाका, लेकरू तापलंय गं," माई फोनवर म्हणाल्या. "सकाळपासून दोनदा ओकलं. आणि टाळू मला बरी लागत नाही."

मी खुर्ची मागं सरकवली. समोर पडद्यावर तुकडा क्रमांक एकशे सतरा उघडा होता. यानानं वरून काढलेला बुध ग्रहाच्या जमिनीचा फोटो, करडा, देवीचे व्रण राहिलेल्या चेहऱ्यासारखा. त्यातले उल्का आदळून पडलेले खड्डे शोधायचे आणि प्रत्येकाभोवती माउसनं गोल काढायचा, ही माझी नोकरी होती. जिथं खड्डे जास्त, ती जमीन जुनी. वरच्या कडेला काळी सावली आणि खालच्या कडेला उजळ रेघ दिसली की तो खड्डा. उलट दिसलं तर टेकडी. टेकड्या सोडून द्यायच्या.

"बरी लागत नाही म्हणजे काय, माई?"

"वर आल्यासारखी लागते बोटाला. फुगल्यासारखी. शेजारच्या गंगाधरची जीप दारातच उभी आहे, आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जाऊ का?"

"आपले डॉक्टर?"

"ते पुतणीच्या लग्नाला गेलेत. उद्या येणार म्हणे."

एप्रिल महिना होता, मंगळवार, दुपारचे बारा वाजले होते. मी पुण्यात, माझी उर्मी किनवटला, तिच्या आजीकडे. उर्मी साडेचार महिन्यांची होती. तिचा बाप, अमरेश, राजस्थानात सोलरच्या साइटवर होता. माझी आई मी बारावीत असतानाच गेली, त्यामुळं माझं बाळंतपण सासरी माईंनीच केलं होतं. संस्थेतलं माझं कंत्राट जूनमध्ये संपणार होतं आणि शुक्रवारपर्यंत माझ्या वाटणीचे तुकडे जमा झाले, तरच ते पुढं वाढणार होतं. पाच दिवसांचा प्रश्न, असं म्हणत मी रविवारी निघाले होते. बसमध्ये बसल्यापासून सोमवारी रात्रीपर्यंत मी माईंना अकरा वेळा फोन केला. शेवटी त्या म्हणाल्या होत्या, "अगं, तुझे फोन घेऊ का लेकरू घेऊ? हात दोनच आहेत मला."

"माई, घाई करू नका," मी म्हणाले. "आधी मला फोटो पाठवा. डोक्याच्या अगदी वरून काढा, सरळ."

"फोटोत काय कळायचं गं?"

"मला कळेल."

"लाइट नाही सकाळपासून. बघते, निघतो का."

फोटो यायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर माईंचा हात येत राहिला. बाराव्या दिवसापासून रोज अंघोळीआधी त्या उर्मीची टाळू भरायच्या. वाटीत कोमट खोबरेल तेल, त्यात चार बोटं बुडवायची आणि डोक्याच्या मधोमध त्या मऊ जागेवर थेंब थेंब सोडायचे. मग तळहात नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. तेल जिरेपर्यंत त्या डोळे मिटून बसत. किनवटच्या त्या गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या टाळू माईंनी भरलेल्या होत्या. एकदा मी त्यांना लॅपटॉपवर बुधाचे खड्डे दाखवले, तर चष्मा वर करून त्यांनी विचारलं होतं, "मग हे भरतात कधी?"

"भरत नाहीत, माई. तिथं वारा नाही, पाऊस नाही. एकदा पडला की पडला."

"आमच्या लेकरांचे भरतात बाई. दीड वर्षात." आणि उर्मीच्या पायाला गुदगुल्या करत म्हणाल्या होत्या, "तुझी आई रिकामे खड्डे मोजते बघ. पगार घेऊन!"

फोन थरथरला. फोटो आला होता.

मी तो मोठा केला. तेलकट मऊ जावळ, वरच्या कोपऱ्यात भुवईचा इवलासा तुकडा, आणि मधोमध ती चौकोनी जागा. वरच्या कडेला सावली होती. खालची कड तेलानं चकाकत होती. बघता क्षणी कळलं. मी लगेच फोन लावला.

"माई, खोल गेलीय. आत गेलीय टाळू. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं ना, की अशी होते. गंगाधरला सांगून मेडिकलमधून ओआरएसचं पाकीट आणा आणि चमच्याचमच्यानं पाजा. तापाचे थेंब द्या. घाबरू नका."

"पण शलाका, बोटाला तर वर लागते की गं."

"फोटोत स्वच्छ दिसतंय, माई."

"मग जीप नको?"

"या उन्हात दीड तास जीपमध्ये? ती आणखी सुकेल. आज पाणी पाजा. उद्या आपले डॉक्टर येतीलच."

फोनमध्ये मागून उर्मीचं रडणं ऐकू येत होतं, नेहमीसारखं खणखणीत नाही, बारीक.

"मी परत एकदा हात लावून बघते," माई म्हणाल्या.

"माई," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला होता, कारण शेजारच्या टेबलावरच्या तस्नीमनं मान वळवून बघितलं. "मी दिवसभर खड्डेच बघते. हा खड्डा आहे."

"हाव," माई म्हणाल्या. "तू शिकलेली आहेस. पाणी पाजते."

संध्याकाळी सहाला त्यांचाच फोन आला. दोन वाट्या पाणी पोटात गेलंय, उलटी थांबलीय, झोपलीय. ताप? ताप आहे थोडा. मी म्हणाले, झोपू द्या, झोपेनं बरं वाटेल. फोन ठेवला आणि तुकडा क्रमांक एकशे सतरा पूर्ण केला. त्यात दोनशे चौदा खड्डे निघाले.

बुधवारी सकाळी सहाला फोन वाजला तेव्हा माई बोलत नव्हत्या. गंगाधर बोलत होता. "वहिनी, लेकराला झटके येऊ लागलेत. आम्ही जीपमध्ये आहोत. तुम्ही निघा."

पुणे ते आदिलाबाद मी कशी गेले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की शेजारच्या सीटवरच्या बाईंनी मला दोनदा पाणी दिलं. मी पोचले तेव्हा उर्मी काचेमागं होती. नाकात नळी, पायाला सुई. डोक्याला पट्टी गुंडाळलेली, त्यामुळं मला टाळू दिसली नाही. माई बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना अजून तेलाचा वास होता. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं तेव्हा तो आला.

गुरुवारी सकाळी अमरेश पोचला. जयपूरहून विमानानं हैदराबाद आणि तिथून गाडीनं. त्याच्या शर्टावर अजून साइटची धूळ होती. नऊला डॉक्टर राउंडला आले. पन्नाशीचे, थकलेले, मराठीत बोलणारे.

"मेंदूज्वर आहे," ते म्हणाले. "औषधं चालू आहेत. पण उशीर झालाय. टाळू इतकी वर आलेली होती, आदल्या दिवशीच कळायला हवं होतं. घरी कुणी हात लावून बघितलं नाही का?"

मी तोंड उघडलं.

"बघितलं की," माई म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या, शाळेत उभं करावं तशा. "मीच बघितलं, डॉक्टरसाहेब. मला खोल लागली. पाण्याची कमी वाटली, म्हणून पाणी पाजत बसले. म्हातारीचा हात, काय कळतंय त्याला."

"माई, खोल?" अमरेश म्हणाला. "तुला? चार लेकरं वाढवलीस, गल्लीतल्या पोरांच्या टाळू भरल्यास. वर आणि खोल एवढं कळू नये तुला?"

"नाही कळलं रे."

"जीप दारात होती ना? गंगाधर सांगत होता. दारात जीप होती आणि तू मीठ-साखर कालवत बसलीस?"

"बसले."

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. एकदाही नाही. मी स्वतःशी म्हणत होते, फोटो काढला तेव्हा खोलच होती, वर नंतर आली असेल. असं होत असेल. सांगते, अमरेश शांत झाला की सांगते. डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले.

शुक्रवारी सकाळी उर्मी गेली. त्याच सकाळी तुकडे जमा करायचे होते. माझे तस्नीमनं केले, माझ्या नावानं.

किनवटला दहा दिवस माणसं येत राहिली. बायका माझ्याजवळ बसून रडायच्या आणि जाताना ओसरीवर थांबून हळू आवाजात बोलायच्या. "हिला कळू नये म्हणजे नवल आहे." "वय झालं माईचं. लेकरू ठेवायलाच नको होतं हिच्याकडं." माई आत चुलीपाशी भाकरी थापत असायच्या. थापण्याचा आवाज थांबायचा नाही. त्यानंतर गल्लीतलं कुणी लेकरू टाळू भरायला त्यांच्याकडं आलं नाही. तेलाची वाटी त्यांनी घासून मांडणीवर पालथी घातली. अमरेश त्यांच्याशी गरजेपुरतं बोलायचा. जेवण वाढ. चावी कुठाय. निघतो.

मी जूनमध्ये परत कामावर आले. कंत्राट वाढलं होतं. आमच्या प्रमुख खानोलकर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून माझा हात नुसता धरून ठेवला.

ऑगस्टमध्ये एके दिवशी तस्नीम वैतागून म्हणाली, "ताई, हे बघा ना. या तुकड्यात एकही खड्डा नाही. सगळ्या टेकड्याच टेकड्या. असं कसं?"

मी बघितलं. खरंच, पडदाभर फोड आल्यासारखे उंचवटे. "कुठला घेतलास?"

"मूळ फोल्डरमधला. फिरवलेला मिळाला नाही."

"अगं वेडे," मी हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा हसले असेन. "कोपऱ्यातला बाण बघ. ऊन खालून येतंय. आपल्याकडं येतात ते सगळे आधीच फिरवून येतात, ऊन वरच्या बाजूला करून. डोळ्याला वाटतं उजेड वरूनच येतो. खालून आला की खड्ड्याची टेकडी दिसते आणि टेकडीचा खड्डा. उजेड कुठून येतोय ते आधी विचारायचं." आणि मी तिचा फोटो उलटा केला. सगळ्या टेकड्या एकदम आत गेल्या.

"अय्या!" तस्नीम म्हणाली. "जादूच की!"

मी उठले. बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि फोन काढला.

किनवटच्या त्या खोलीला एकच खिडकी आहे. ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून माई उर्मीला नेहमी खिडकीकडं डोकं करून निजवायच्या. चार महिने मी त्याच खोलीत झोपले होते. फोटोत भुवई वरच्या कोपऱ्यात होती. म्हणजे डोक्याच्या शेंड्याची बाजू खाली होती. म्हणजे खिडकी खाली होती. लाइट गेलेली, दुसरा उजेडच नव्हता.

मी फोन उलटा धरला.

टाळू वर आली. फुगलेली, ताणलेली, तेलानं चकाकणारी. माई म्हणाल्या होत्या तशी.

खूप वेळानं तस्नीमनं दार वाजवलं. "ताई, बरं वाटत नाही का?" मी म्हणाले, "आले." तोंड धुतलं आणि जाऊन जागेवर बसले. त्या दिवशीही मी खड्डे मोजले. किती, ते आठवत नाही. मला एकच गोष्ट आठवत होती. फोटो उघडायच्या आधीच मला तिथं खड्डाच हवा होता. खड्डा म्हणजे मीठ-साखरेचं पाणी. टेकडी म्हणजे पुण्याहून निघावं लागणं.

अमरेशला मी सांगितलं नाही. दर रविवारी ठरवायचे.

दोन वर्षांनी निमिष झाला, पुण्यात. अमरेशनं बदली करून घेतली होती. बारशाला माई आल्या. हातात गोधडी आणि घरचं तूप. अमरेशनं दारातच सांगितलं, "अंघोळीला बाई लावलीय, माई. तू आराम कर." माईंनी मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेल्या. तीन दिवस त्यांनी निमिषला लांबूनच बघितलं. कुणी मांडीवर दिलाच तर पायांकडून धरायच्या.

चौथ्या दिवशी अमरेश भाजी आणायला गेला होता. मी तेल कोमट केलं, वाटी घेऊन माईंपुढं बसले आणि निमिषला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"माई, याची टाळू भरा."

"नको गं माय. ती बाई भरते की."

"तुम्ही भरा."

"माझा हात चांगला नाही."

"तुमचा हात बरोबर होता," मी म्हणाले. मग मला थांबता आलं नाही. खिडकी, भुवई, लाइट, बाण, सगळं सांगितलं. त्यांना बाण कळला नसेल. त्या निमिषच्या मुठीत आपलं बोट घालून ऐकत होत्या.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"टाळू वर होती ते. बोटं खोटं सांगत नाहीत गं. तू फोन ठेवल्यावरही मी तीनदा हात लावून बघितला. तिन्ही वेळा वरच लागली." त्यांनी निमिषची गोधडी सारखी केली. "पण तू आई होतीस. आणि शिकलेली. मला वाटलं, माझ्या हातापेक्षा तुझं मशीन खरं असेल. तेवढी चूक माझीच की. जीप दारात होती."

"मग दवाखान्यात तुम्ही... अमरेशला का..."

"तो आईवर चिडला, तर चिडून जाईल कुठं? दिवाळीला यावंच लागतं त्याला. तुझ्यावर चिडला असता, तर परत आला असता का?" त्यांनी निमिषकडं बघितलं. "हे आलं असतं का?"

मी रडत होते. माईंनी वाटीत चार बोटं बुडवली. हात निमिषच्या डोक्यावर नेला. बोटांच्या टोकाला थेंब जमला होता, पडायच्या बेतात.

लॅचची किल्ली फिरली. अमरेश दारात उभा होता. हातात मेथीची जुडी.

"माई," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "हात काढ."

मी बोलायला हवं होतं. शब्द तोंडात होते, आत्ताच तर सगळे उच्चारले होते. पण त्याचा तो शांत चेहरा बघितला आणि मला दिसलं, हाच चेहरा माझ्याकडं वळेल. मी मांडीतल्या वाटीकडं बघत राहिले.

माईंनी हात काढला. बोटांवरचं तेल कुठं पुसावं असं क्षणभर त्यांना झालं. मग त्यांनी ते स्वतःच्याच डोक्याला पुसलं, पांढऱ्या केसांच्या मधोमध, आणि म्हणाल्या, "बघू, मेथी कवळी आहे का."

दुसऱ्या दिवशी त्या किनवटला गेल्या. त्यानंतर पाच वर्षं जगल्या. दिवाळीला आम्ही जायचो. अमरेश जायचा. त्या म्हणाल्या होत्या तसंच.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. दोन महिने अंथरुणावर होत्या, शेवटचे पंधरा दिवस मी त्यांच्याजवळ होते. एकदाही त्यांनी तो विषय काढला नाही. मी दोनदा काढला, तर म्हणाल्या, "निमिषला परीक्षेत किती पडले?"

परवा रविवारी सकाळी अमरेश सोफ्यावर बसून माईंचा जुना फोन बघत होता. नंबर उतरवून घ्यायचे होते. निमिष खाली बसून पाटीवर काहीतरी काढत होता. मी चहा घेऊन बाहेर आले.

"हे बघ," तो म्हणाला. "माईनं ठेवला होता हा."

तोच फोटो होता.

"उर्मीच आहे ना? त्याच दिवशीची तारीख आहे." त्याचा अंगठा पडद्यावर फिरत होता, हळूहळू, जणू लागेल. "शलाका, हे बघ ना. केवढी खोल गेलीय. खरंच खोल होती गं. माई खरं सांगत होती. मलाही खड्डाच वाटला असता. कुणालाही वाटला असता." त्यानं फोन आणखी जवळ धरला. "आणि मी तिला काय काय बोललो. सात वर्षं. तिची चूक नव्हतीच. कुणाचीच नव्हती."

खिडकीतून ऊन आत आलं होतं. निमिषची पेन्सिल चर्र चर्र वाजत होती. अमरेश माझ्याकडं बघत होता, मी हो म्हणावं म्हणून. मी हो म्हटलं असतं, तर तिथंच सगळं मिटलं असतं.

मी त्याच्याजवळ बसले. त्याच्या हातातला फोन हळूच फिरवला, वरची बाजू खाली, खालची वर.

"आता बघ," मी म्हणाले. "माईंच्या बोटाला ती अशी लागली होती. त्यांनी मला फोन केला होता, अमरेश. खड्डा मी म्हणाले."